आर्रोयो क्लबचा आडवा वासा

पगारी फुटबॉलचं ते पहिलंच वर्ष. आर्रोयो क्लबचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना रविवारी तीन वाजता होता, आणि शनिवारी दुपारी एक वाजता क्लबच्या गोलचा आडवा वासा निखाऱ्यांत होता. खरं म्हणजे तोच निखारे झाला होता. हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हतं. मैदानाच्या कडेला ऐंशी माणसं हातात पाव धरून मांस भाजून होण्याची वाट बघत उभी होती.

वासा खाली उतरवला होता एलादियोने. एलादियो क्लबचा रखवालदार. प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्यांखाली दोन खोल्या होत्या, त्यांत तो आणि त्याची बायको फिलोमेना अठरा वर्षं राहत होती. गवत कापणं, चुन्याच्या रेघा मारणं, चेंडूला चरबी चोळणं ही त्याची कामं, आणि ती तो देवाचं करावं तशी करी. रविवारी लीगचा तपासनीस मैदान मोजायला येणार होता. म्हणून गुरुवारी त्याने कातडी कमावायच्या कारखान्याकडच्या गोलचा वासा काढला, जुना रंग पार खरवडला आणि नवा रंग देण्याआधी वाळायला कोठीत ठेवला. कोठीत शेजारीच जळणाचा ढीग होता.

मोसमाच्या आदल्या दिवशी क्लबने सगळ्यांना मांस भाजून घालायचं, ही रीत. भाजायला होता फिलोमेनाचा थोरला भाऊ इसाबेलिनो, धंद्याने खाटीक. बाहेर रचलेलं जळण आठवडाभराच्या पावसाने ओलं झालं होतं. इसाबेलिनो कोठीत गेला आणि हसत बाहेर आला.

आमच्याकडे भाजणाऱ्याला मधेच काही विचारायचं नसतं. प्रार्थना चालू असताना पाद्रीला हटकलंत तर तो एक वेळ माफ करील. मांस ताटात पडेपर्यंत गप्प राहायचं, मग भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायच्या, आणि काय बोलायचं ते त्यानंतर. तरी फिलोमेना जाळापाशी गेली.

"दादा, हे लाकूड कुठलं रे?"

"मागे हो. जाळाशी बाई आणि सल्ला, दोन्ही नकोत."

"अरे, पण केवढं लांब आहे ते!"

"फिलो, मांस बिघडलं तर तुझं नाव सांगेन हां सगळ्यांना."

ती नवऱ्याकडे आली. "अहो, दादा काहीतरी लांबलचक जाळतोय. जरा बघून या ना."

"आता नको," एलादियो हळूच म्हणाला. "टाळ्या होऊ देत. लोक काय म्हणतील?"

टाळ्या झाल्या आणि जोरात झाल्या. सगळ्यात जास्त वेळ एलादियोनेच वाजवल्या, मेव्हण्याचं कौतुक म्हणून. मग क्लबचे अध्यक्ष एचेगाराय उठले. अध्यक्ष उंचीने बेताचे, पण मान फार मोठा. क्लबचे संस्थापक तेच आणि पहिले गोलरक्षकही तेच. १९११ साली या मैदानावर वर्षभरात त्यांनी फक्त चार गोल खाल्ले होते. त्यांची तसबीर क्लबात मारियामातेच्या बाजूला, जराशी वर, टांगलेली होती.

"असा निखारा मी जन्मात पाहिला नाही," अध्यक्ष म्हणाले. "इसाबेलिनो, लाकूड आणलंस कुठून?"

"आपल्याच कोठीतलं, साहेब! चांगलं पंधरा हात लांब. मुरलेलं. औषधाला गाठ नाही. एका टोकाला लोखंडी पट्टी होती, तेवढी काढून ठेवलीय."

एलादियोच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं जगात असतात. इथे ऐंशी जणांनी मिळून वासाच खाल्ला होता.

अध्यक्ष ओरडले नाहीत, ते फार वाईट झालं. त्यांनी हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "उद्या मैदान नापास झालं, तर ज्याच्या चुकीमुळे झालं त्याने सोमवारी सामान उचलायचं. मग तो कोणी का असेना." आणि मिठाईला न थांबता ते घरी गेले. फिलोमेना खोलीत जाऊन रडली. अठरा वर्षांत तिने त्या दोन खोल्यांना बावीस वेळा चुना दिला होता. दुसरं घर तिला माहीतच नव्हतं.

"दाजी, मला शिव्या द्या," इसाबेलिनो म्हणाला.

"देईन. आधी वासा शोधू."

लाकडाच्या वखारीचा मालक तिथेच जेवायला होता आणि किल्ली त्याच्या खिशात होती. पण वखारीत दहा हातांच्या वर काहीच नव्हतं. बंदरावर एका गलबताची डोलकाठी मिळाली, ती एका टोकाला मांडीएवढी आणि दुसऱ्या टोकाला मनगटाएवढी.

"चर्चच्या माळ्यावर एक आहे," इसाबेलिनो म्हणाला.

"इसाबेलिनो!"

"मी कुठे आणू म्हणालो? बघून ठेवलाय, एवढंच सांगतोय."

शेवटी ओढ्यापलीकडचा सान आन्सेल्मो क्लब तेवढा राहिला. तिकडे जाण्यापेक्षा ओढ्यात उडी घेतलेली बरी, असं आमच्या वस्तीत कोणीही सांगितलं असतं. पगारी लीगमध्ये आर्रोयोला घेतलं आणि सान आन्सेल्मोला वगळलं, तेव्हापासून तर ओढ्यावरचा पूलही लोक तोंड फिरवून ओलांडत. तिथला रखवालदार म्हातारा क्रिसोस्तोमो. तो आणि एलादियो अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. का, ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण मोडायचं कसं?

एलादियो फाटकाशी टोपी काढून उभा राहिला.

"काय पाहिजे?" क्रिसोस्तोमोने विचारलं.

"एक वासा."

"तुमच्याला काय झालं?"

"खाल्ला."

म्हाताऱ्याने खुर्ची पुढे केली आणि सगळी हकीकत पहिल्यापासून दोनदा सांगायला लावली. तो एकदाही हसला नाही. हसला असता तर एलादियोला सोपं गेलं असतं.

"घेऊन जा," क्रिसोस्तोमो म्हणाला. "तुमच्या पोरांवर राग नाही माझा. पण आमचा वासा निळा आहे, तो निळाच राहील. आणि नेशील तो उद्या अकराला, चर्च सुटताना, मोठ्या रस्त्याने."

"मागच्या वाटेने नेला तर?"

"मग खांद्यावर काही नसेल."

रविवारी अकरा वाजता अख्खी वस्ती चर्चच्या पायऱ्यांवर होती. दाजी पुढे, मेव्हणा मागे, खांद्यावर वैऱ्याचा निळा वासा. पुरुषांनी टोप्या काढल्या, कोणी गेलं असावं तशा. दोघांना तो रस्ता जन्मभर पुरेल एवढा लांब वाटला.

मैदानावर वासा चढवायला गेले तर तो दीड वीत जास्त लांब निघाला.

"त्यांचं सगळं वाजवीपेक्षा मोठंच!" इसाबेलिनो घाम पुसत म्हणाला. "कापू का?"

"दुसऱ्याची वस्तू आहे. हात लावू नकोस."

मग त्यांनी एक खांब उपटला, दीड वीत बाहेर खड्डा खणला आणि खांब नव्याने रोवला. पांढरे खांब, वर निळा वासा, आणि दुसऱ्या गोलपेक्षा दीड वीत रुंद. एलादियोने एकदा लांबून बघितलं आणि फिलोमेनाला सांगितलं, "सामान बांध."

तपासनीस काप्रारियो एक वाजता आले. काळी टोपी, पत्र्याच्या डबीतली मोजपट्टी, हातात छापील कागद. ते आधी निळ्या वाशाकडे गेले. अध्यक्ष पाठीमागे हात बांधून उभे. पायऱ्यांच्या बाजूला फिलोमेना चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं घेऊन, त्यावरच बसली होती.

तपासनिसांनी मोजलं. वाकून पुन्हा मोजलं. "सात मीटर बत्तीस. अगदी बरोबर. रंगाबद्दल नियमात काही म्हटलेलं नाही."

इसाबेलिनोने आकाशाकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली. एलादियो जागचा हलला नाही, कारण दोन गोल सारखे नाहीत एवढा हिशेब त्याला येत होता. तपासनीस चालत दुसऱ्या गोलकडे गेले. तिथे त्यांनी तीनदा मोजलं.

"हा दीड वीत कमी आहे."

"पट्टी चुकीची असेल," अध्यक्ष म्हणाले.

"पट्टी लीगची आहे, साहेब. तीनच्या आत रुंद करा, नाहीतर गुण पाहुण्यांना. आणि कागदावर जबाबदार माणसाचं नाव लागतं. हे गोल कोणी उभे केले?"

सगळ्यांनी एलादियोकडे बघितलं. एलादियोने अध्यक्षांकडे बघितलं, तसबिरीतला माणूस त्याच्या डोळ्यांसमोर आला, आणि तो म्हणाला, "मी केले, साहेब."

"कधीपासून आहात इथे?"

"चौदा सालापासून."

तपासनिसांनी पान उलटलं. "क्लबच्या नोंदीत गोल अकरा सालचे आहेत."

अध्यक्षांनी टोपी काढली. "मी मोजले," ते म्हणाले. "नियमातले आठ यार्ड म्हणजे माझ्या आठ ढांगा, असं धरून."

तपासनिसांनी अध्यक्षांच्या पायांकडे बघितलं, मग सभ्यपणे नजर कागदावर नेली आणि लिहिलं. शहरभर आर्रोयोच्या बचावाची ख्याती होती. ती एकवीस वर्षांची ख्याती त्या ओळीत गेली. पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्या सभासदांनी माना खाली घातल्या. अध्यक्षांच्या चार गोलांचा विचार तिथे प्रत्येकाच्या मनात आला आणि कोणीही तो बोलून दाखवला नाही. खरंच वाईट वाटलं त्या माणसाचं.

सान आन्सेल्मोचा दुसरा वासा पळत आणला, खेळाडूंनीच खांब हलवला, आणि तीनला दहा मिनिटं असताना मैदान पास झालं. सामना आर्रोयो चार-एक हरला. चारांतले दोन गोल थेट त्या वाढीव दीड वितीतून गेले.

लोक पांगले. फिलोमेना अजून गाठोड्यावर बसून होती, कारण तिला जा किंवा थांब असं कोणी सांगितलंच नव्हतं. अध्यक्ष फाटकाकडे निघाले तेव्हा ती उठली.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा, वहिनी."

"काल तुम्ही म्हणालात, ज्याच्या चुकीमुळे मैदान नापास होईल त्याने सामान उचलायचं. मग तो कोणी का असेना." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. "तर मग आता कोणी उचलायचं?"

अध्यक्षांनी टोपी एलादियोच्या हातात दिली, वाकून ते गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, आणि आतल्या भांड्यांचा खडखडाट करत, छोट्या छोट्या पावलांनी पायऱ्यांखालच्या खोलीत नेऊन ठेवलं.