दौंडच्या खड्ड्याला शेंदूर

"दौंडची लाइन म्हंजी माझ्या दावणीची गाय हाय! नुसती हाक मारली की हंबरती!"

असं सावळाराम शिरूरच्या चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगायचा, आणि लोक माना डोलवायचे. कारण चहा तोच पाजायचा!

शेतमाल संघाच्या कचेरीत तो टेलिफोनचा बोर्ड सांभाळी. बोर्ड म्हणजे कपाटाएवढं लाकडी खोकं. कुणी फोनचा दांडा फिरवला की बोर्डावर त्याचा बिल्ला टपकन खाली पडे. मग सावळाराम वायरची खुंटी या भोकातून त्या भोकात घालून दोघांचं बोलणं जोडून देई. पंचाहत्तर साली संघानं थेट दौंडच्या गोदामापर्यंत लाइन घेतली. मालगाडीचे डबे मिळाले का, एवढं विचारायला आता माणूस एसटीनं धाडायला नको. चेअरमन हौसराव म्हणाले होते, "उद्घाटनाला लाइन नीट बोलली तर तुला कायम करतो. न्हाई बोलली तर मीच तुझ्याशी बोलतो!"

सावळाराम कितीतरी वर्षं हंगामी होता. इतका हंगामी, की सासुरवाडीत त्याला बसायला पाटसुद्धा अर्धाच मिळायचा.

लाइन होती एका तारेची. बोलणं तारेतून जायचं, परतीची वाट जमिनीतून. त्यासाठी दोन्हीकडं खड्डा खणून त्यात तांब्याची कांब उभी करायची, तिला तार बांधायची, भोवती मीठ-कोळसा भरायचा आणि खड्डा सतत ओला ठेवायचा. दौंडचा खड्डा सावळारामनं स्वतः भरला. चिखल नको म्हणून चपला काढल्या. खारं पाणी उडत होतं म्हणून डोळे मिटले आणि कांब दोन्ही हातांनी घट्ट धरून खाली दाबली. मग गोदाम झाडणाऱ्या सारजाबाईला बजावलं, "मावशी, ह्याला रोज दोन घागरी पाणी. हा कोरडा पडला तर माझी नोकरी गेलीच समजा!"

"पडू देईन व्हय, लेकरा?" म्हणून म्हातारीनं हात जोडले. सावळारामला वाटलं, आपल्यालाच जोडले.

उद्घाटनाच्या दिवशी कचेरीपुढं मांडव पडला. कर्णा लागला. फोनला हार घातला. हौसरावांनी रिसीव्हर माइकला लावून दांडा फिरवला, आणि कर्ण्यातून काय आलं? काही नाही! शुकशुकाट! लग्नात नवरदेवानं ऐन वेळी तोंड फिरवावं तसा!

आत बोर्डापाशी सावळारामला घाम फुटला. दौंडला संघाच्या गोदामाशेजारी लाकडाची वखार होती, तिथं वेगळा फोन होता. त्यानं तिकडं ट्रंक कॉल लावला आणि गोदामवाल्या भिमाजीला बोलावून घेतलं.

"भिमाजी, खड्ड्यात पाणी हाय का?"

"डबडबलाय!"

"आन् कांब?"

"जागच्या जागी! आज तर लई झ्याक दिसतीया!"

झ्याक का दिसतीया, हे विचारायचं सावळारामला सुचलं नाही. "मग खोट बोर्डातच!" म्हणत त्यानं बोर्डाची पाठ उघडली आणि आतल्या वायरी शेवया उपसाव्यात तशा उपसल्या. एक तोडली, दोन जोडल्या. तेवढ्यात खणखण घंटी वाजली! मांडवात टाळ्या!

"हॅलो दौंड!" हौसराव गरजले.

कर्ण्यातून, चुकून जोडल्या गेलेल्या त्यांच्या घरच्या फोनवरून, त्यांच्या बायकोचा, म्हाळसाबाईंचा आवाज अख्ख्या बाजारपेठेत घुमला, "दौंडला कशाला वरडताय? जेवायला किती माणसं आणताय ते आधी सांगा! आन् तुमची कवळी हितं बशीतच राहिली की! भाषान कसं करताय?"

हौसरावांचा हात झटकन तोंडावर गेला. तसेच तोंड झाकून ते बोर्डामागं आले आणि नुसत्या डोळ्यांनी जे बोलले, ते छापण्यासारखं नाही.

तेवढ्यात ट्रंकचा बिल्ला पडला. वखारीतून सारजाबाई बोलत होती.

"लेकरा, भिमाजी म्हणला तू घाबरलायस. काळजी करू नगंस! सकाळीच देवाला तेल-शेंदूर लावलाय, झेंडूचा हार घातलाय. आन् त्येच्या गळ्यात कुणीतरी तार आवळली हुती, ती काढून टाकली. गुदमरला आसंल बिचारा!"

सावळारामनं विचारलं, "कुठला देव, मावशी?"

"आता गं बया! तूच बसवलास की! चपला काढून, डोळं मिटून!"

हा देव नाही, मीठ-कोळसा आहे, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण त्यानं ते गिळलं.

"मावशी, ती तार न्हवं, देवाचा करदोटा हाय! करदोट्याबिगर देव बोलत न्हाई!"

"मला काय ठावं! बांधते आत्ता."

"आन् तो शेंदूर..."

"शेंदूर खरवडू? हात झडतील माझं!"

"खरवडू नगा. चिंच लावून आंघुळ घाला."

"आसं नीट सांग की मग!"

सावळारामनं बोर्डातल्या वायरी होत्या तशा लावल्या. इकडं पाहुणे उठायला लागले. हौसराव तोंडाला उपरणं लावून बसले. आणि दौंडचा बिल्ला टपकन पडला!

चिंचेनं घासलेली कांब. आवाज असा लख्ख, की म्हातारी शेजारीच उभी आहे! भिमाजीनं घाबरून फोन तिच्याच हातात दिला होता.

"कोण, शिरूरचं साहेब का? त्या सावळारामला कायम करा बरं! त्येच्या नोकरीपायी मी टेशनाच्या नळावर भांडून रोज दोन घागरी घालतीया. घरात प्यायला पाणी नसंल, पर त्येचा देव कवा कोरडा ठिवला न्हाई!"

आत सावळारामनं डोळ्यांना बाही लावली. आपल्या सख्ख्या माणसांनीसुद्धा त्याच्यासाठी एवढं पाणी वाहिलं नव्हतं.

हौसरावांनी उपरणं जरासं बाजूला केलं. "केला!" म्हणाले. कवळीशिवाय तेवढंच जमत होतं.

पुढच्या आठवड्यात सावळाराम साडी-चोळी घेऊन दौंडला गेला. खड्ड्यापुढं आधीच दोन नारळ फुटलेले. एक भिमाजीचा. दुसरा चेअरमनसाहेबांचा, निवडणूक जवळ आली होती. सावळारामनं लांबवर चपला काढल्या, स्टेशनच्या नळावरून स्वतः दोन घागरी आणून ओतल्या, आणि खड्ड्याकडं पाठ करून सारजाबाईच्या पायावर डोकं ठेवलं.

"आरं, देव तिकडं हाय!" म्हातारी म्हणाली. "आन् चपला एवढ्या लांब कशाला काढल्यास? हितली कुत्री लई वाईट!"

त्या दिवशी सावळाराम कायम नोकरीवर, पण एकाच पायात चप्पल घालून शिरूरला परतला!