गोपालभाऊंचा शेकडा एक

पावतीवरचा आकडा गोपालभाऊंनी पुन्हा वाचला आणि गादीवरून जे उठले ते बसायचंच विसरले. महिन्याची वर्गणी आठ हजार रुपये! धक्का दुहेरी होता, कारण पावती त्यांनी स्वतःच फाडली होती आणि स्वतःच्याच नावाने.

झालं होतं असं. दिग्रसच्या बाजारओळीत चोऱ्या वाढल्या, म्हणून व्यापारी मंडळाने राखणदार आणि कॅमेरे लावायचे ठरवले. खर्च कोणी किती सोसायचा, यावर गोपालभाऊ छाती काढून उभे राहिले. "ज्याची विक्री मोठी, त्याची वर्गणी मोठी. विक्रीवर शेकडा एक रुपया!" नेम होता राजदीपच्या तीन मजली दुकानावर. टाळ्या पडल्या. मंडळाची रीत अशी, की ज्याचा ठराव त्यानेच वसुली करायची. गोपालभाऊंनी तीही हसत पत्करली.

पण त्यांचा धंदा तेल-साखरेचा, ठोक. विक्री आठ लाखांची दिसते, शंभरामागे सुटतो जेमतेम दीड रुपया. महिन्याला सुटणाऱ्या बारा हजारांतले आठ राखणदाराला! चोराने एवढं एकदाच नेलं असतं, हे तर दर महिन्याला जाणार होतं. असं चाललं तर दिवाळीआधी दुकानाला कुलूप, आणि मग राखण कशाची?

निदान राजदीप तरी रडत असेल, या आशेने ते तिकडे गेले. राजदीपने चाळीस हजारांचा चेक हसत हसत फाडून दिला.

"एवढेच? लय भारी ठराव मांडला राजा तुमी!"

"तुले जड नाही गेले?"

"काहून जाईन? तेल माह्याच मिलचं, बेसन माह्याच चक्कीचं, अन् खाली भज्याचं हॉटेलबी माह्यंच. माल घरातल्या घरात फिरते. विक्री होते एकडाव, वर्गणीबी एकडाव."

बाजारओळीत मात्र माल घरोघरी फिरे. तेलघाणीवाला पूनमसिंग गोपालभाऊंना तेल विकी, गोपालभाऊ भजीवाल्या मानीबाईला. पूनमसिंगने लगेच डब्याचा भाव चढवला.

"तुही वर्गणी मी भरू, अन् वरून माह्यीबी?" गोपालभाऊ ओरडले.

"ठराव कोनाचा होता, भाऊ?" पूनमसिंग शांतपणे म्हणाला.

गोपालभाऊंनी मुकाट्याने दोन्ही वर्गण्या चढवून डबा मानीबाईच्या गाडीवर पोचवला. भाव ऐकून मानीबाईचा झारा हवेतच राहिला.

"एकच तेल अन् तीन खेप वर्गणी? त्याची तुह्यावर, तुही माह्यावर, अन् माह्यी कोनावर टाकू? कढईवर?"

तिने वीसची प्लेट बावीसला केली. राजदीपने त्याच दिवशी पाटी लावली, 'गरम भजी, फक्त अठरा'. मग मानीबाईनेही तेल राजदीपच्याच मिलमधून आणलं, आणि तिचं पाहून ओळीतल्या हॉटेलवाल्यांनीही तोच रस्ता धरला. गोपालभाऊंच्या गादीवर आता माश्यासुद्धा चौकशी करून परत जाऊ लागल्या.

ठराव बदलायला मंडळात एकच वाट होती. मांडणाऱ्याने भर सभेत कान धरून उभं राहायचं. गोपालभाऊ उभे राहिले. एक नाही, दोन्ही कान धरून.

"चुकलो! ज्याले सुटते त्यानं द्यावं. वर्गणी नफ्यावर, शेकडा दहा!"

सगळ्यांत जोरात टाळ्या राजदीपच्या. गोपालभाऊंना तेव्हाच शंका यायला हवी होती.

वसुली पुन्हा त्यांच्याच गळ्यात. स्वतःचे बाराशे त्यांनी आनंदाने भरले. गिऱ्हाईक परतलं होतं, दुकान वाचलं होतं. मग मानीबाईची गाडी. नफा तिने खरा सांगितला, पंचवीस हजार. आकडा ऐकून गोपालभाऊ आणि पावती पाहून मानीबाई, दोघंही थिजले.

"अडीच हजार? तुह्यापेक्षा जास्त?"

"तुले सुटते तेवढं, बाई."

"म्हंजे या ओळीत सगळ्यात मोठी असामी मीच हाओ?"

तेवढ्यात राजदीप आला आणि गाडीला टेकून त्याने सुस्कारा सोडला. "माह्यं काही नाही निघत बरं, गोपालभाऊ. यंदा तोटा हाये."

"तोटा? त्या तीन मजल्यायले?"

"कर्जाचं व्याज, मशीनची झीज, दोन नव्या गाड्या... सीएनं तसंच काढून देलं."

गोपालभाऊंचा जबडा उघडा तो उघडाच. सारी ओळ दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन पाहू लागली.  मानीबाईने गरम भज्यांची प्लेट भरली, वर दोन मिरच्या ठेवल्या आणि राजदीपपुढे धरली.

"घे बाप्पा. तोट्यात हायस, उपाशी नको राहू. गरिबाकडून पैसे नाही घेत मी."

राजदीपचा हात पुढे येईना आणि मागेही जाईना. ओळीत खसखस पिकली. गोपालभाऊंनाही हसू फुटलं. हसता हसता त्यांनी प्लेटीतल्या भज्याकडे बोट नेलं, तसा मानीबाईचा झारा आडवा आला.

"तू नफ्यात हायस, गोपाल. वर्गणी धरून पंचवीस दे."