रंगनाथरावांचा रुपया पुण्याला जातो

निकाल बदलून मागणाऱ्या माणसाचा रंगनाथराव भिंगारदिव्यांना भारी राग. भिंगारच्या लष्करी डेपोत ते डेड स्टॉकचे क्लार्क. खुर्ची, कपाट, पाण्याचा माठ, जे दिसेल त्यावर नंबर घालायचा आणि रजिस्टरला चढवायचं, हे बावीस वर्षं केल्यावर हात घरी तरी कसा स्वस्थ बसणार? पंख्यावर नंबर, कॉटवर नंबर, पोळपाटावर ‘रं. भि. ३१’. (लाटणं पोळपाटातच धरायचं की वेगळं दाखवायचं, यावर एक अख्खा रविवार गेला होता.)

तर लेक सीमा बारावी झाली आणि डी.एड.ची पहिली यादी तिला तीन मार्कांनी हुकली. डोळे पुसत म्हणाली, “अण्णा, इंग्रजीचा पेपर रीचेकिंगला टाकू या ना. मला शंभर टक्के खात्री आहे.”

“निकाल म्हणजे निकाल!” रंगनाथराव कडाडले. “तपासणारे काय खुळे असतात?”

त्यांची बायको विमलबाई खाली मान घालून तांदूळ निवडत राहिल्या. (त्या गप्प बसल्या की काहीतरी शिजत असतं, हे रंगनाथरावांना लग्नाला वीस वर्षं होऊनही उमगलं नव्हतं.)

नेमका त्याच आठवड्यात त्यांच्या रुपयाचा निकाल लागला. १८९० सालचा, राणीच्या छापाचा, पणजोबांना पलटणीत मिळालेला चांदीचा रुपया! गल्लीतले रिटायर्ड थॉमस मास्तर जुन्या नाण्यांचे जाणकार. नाणं किती झिजलंय ते भिंगातून बघून दर्जा द्यायचे आणि तसं कार्ड लिहायचे. त्यांनी लिहिलं, ‘फाइन’.

“म्हंजी चांगलंच की,” विमलबाई म्हणाल्या.

“कसलं चांगलं? त्याच्यावर ‘व्हेरी फाइन’ असतं! मास्तरांना आता दिसत नाही. पुण्याच्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घेतो.”

“म्हंजी रीचेकिंगच की वो.”

“ते वेगळं.”

“काय येगळं?”

रंगनाथरावांना एकदम डेपोत तातडीचं काम आठवलं. (सुट्टी होती.)

पार्सल शिवायला घेतलं आणि त्यांच्या मनात किडा वळवळला. पुणेवाल्याने रुपया बदलून दुसराच पाठवला तर? खूण पाहिजे! त्यांनी सीमाच्या कंपासपेटीतून कर्कटक काढलं, जीभ दातांत धरली आणि राणीच्या गळ्याखाली कोरायला बसले.

“अवो, वरखडा पडंल!”

“मुंगीएवढं अक्षर हाय! कोन बघतंय?” (तंद्री लागली की क्लार्कची भाषा सुटून गावची यायची.)

रुपया रजिस्टर पोस्टाने गेला. मग काय विचारता! बाजारात, डेपोत, सलूनमध्ये एकच विषय. थॉमस मास्तरांच्या तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. वय कुणाला चुकलंय?”

डी.एड.च्या दुसऱ्या यादीला चार दिवस उरले आणि पोस्टमनने दोन रजिस्टरं आणली. एक रंगनाथरावांचं, एक सीमाचं.

“हिला कुणाचं रजिस्टर?”

“आधी तुमचं फोडा,” विमलबाई म्हणाल्या.

रंगनाथरावांनी आतला रुपया बाजूला ठेवला, घसा साफ केला आणि मोठ्याने पत्र वाचायला सुरुवात केली. “‘नाणे अस्सल आहे. झीज अत्यल्प. व्हेरी फाइन हा दर्जा निःसंशय देता आला असता...’ बघा! बघा! ‘तथापि राणीच्या गळ्याखाली रं. भि. ३२ असे नुकतेच कोरलेले दिसते. सबब दर्जा देता येत नाही. कृपया पुन्हा पाठवू नये.’”

शेवटची ओळ त्यांनी मनातच वाचायला हवी होती.

तेवढ्यात सीमा किंचाळली. बोर्डाचं पत्र होतं. इंग्रजीच्या एका प्रश्नाचे सहा मार्क बेरजेत धरायचेच राहिले होते!

“पण अर्ज केला कुणी?”

“म्या लावला करायला,” विमलबाई म्हणाल्या. “तपासनारी खुळी नसत्यात, पन मानसंच हायती ना?”

रंगनाथराव लेकीकडे बघतच राहिले. आपलं ऐकलं असतं तर पोरीचं वर्ष गेलं असतं, हे त्यांना कळून चुकलं. “सीमे, चुकलो बाई मी,” एवढंच म्हणाले आणि चपला उलट्यासुलट्या घालून पेढे आणायला पळाले.

रविवारी थॉमस मास्तरांना इडली खायला बोलावलं. मास्तर रुपयाबद्दल चकार शब्द काढेनात. रंगनाथरावांनाही तेच हवं होतं. एवढ्यात स्वयंपाकघरातून खडखड, खडखड आवाज येऊ लागला.

“हे काय वाजतंय?” मास्तरांनी विचारलं.

“रुपया टाकलाय इडलीच्या पातेल्यात,” विमलबाई आतून म्हणाल्या. “पानी आटलं की वाजायचा थांबतो, म्हंजी कळतं. न्हाईतरी नंबर पडलाय त्याच्यावर, मग म्हनलं, भांड्यांतच असू द्या!”

मास्तरांनी इडली खाली ठेवली, डोळे मिटून नीट ऐकलं आणि खिशातून कार्ड काढून लिहिलं: ‘आवाज – व्हेरी फाइन’.