अर्ध्या कपाची बढती

दाखला विभागाच्या मुख्य कारकुनांचे वजन एकशे चौतीस किलो होते आणि ते दिवसाला अकरा कप कॉफी पीत. पहिल्या गोष्टीची सेवापुस्तकात नोंद नव्हती. दुसरी मात्र उत्तम वर्तणुकीत मोडत असे. कारण त्या कार्यालयाचे कामकाज कँटीनमध्ये चाले. टेबल हे फाइल ठेवण्याचे ठिकाण होते. सहकारी त्यांना 'वजनदार' म्हणत आणि त्यात कुणालाही थट्टा वाटत नसे.

गुडघ्यांनी मात्र एक दिवस राजीनामा दिला. कँटीनच्या जिन्यात सातव्या पायरीवर वजनदार असे बसले, की त्यांना उठवायला तीन विभागांचे कर्मचारी लागले. तीन विभागांनी मिळून केलेले ते त्या इमारतीतले पहिलेच काम.

घरी बायकोने शांतपणे विचारले, "अहो, उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्या मृत्यूचा दाखला मला तुमच्याच विभागातून काढावा लागेल ना?"

"हो. का?"

"मग तो मिळेपर्यंत मी तरी जिवंत असेन का?"

विभाग वजनदारांना आतून माहीत होता. दुसऱ्याच दिवशी ते सर्जनकडे गेले.

"जठराचा मोठा भाग काढून टाकू," सर्जन म्हणाले. "ते सोपं आहे. कॉफी मात्र आजपासून बंद. महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर."

"जठर हवं तेवढं काढा डॉक्टर, पण कॉफी..."

"कपात साखर किती घेता?"

"तीन चमचे."

"म्हणजे दिवसाला तेहतीस. त्याला कॉफी कशाला म्हणायचं?"

पहिले चार दिवस वजनदारांचे डोके ठणकत राहिले. पाचव्या दिवशी ते थांबले आणि खरा अनर्थ सुरू झाला. कँटीनला जायचे कारण उरले नव्हते, त्यामुळे ते टेबलाशी बसून राहिले. वेळ जाईना, म्हणून त्यांनी एक फाइल उघडली. आत कुणाचातरी अर्ज होता. सगळी कागदपत्रे जोडलेली होती. नाकारायला काही सापडेना, म्हणून त्यांनी सही केली. सही करायला वाटले होते तेवढा त्रास झाला नाही. शनिवारपर्यंत दोनशे दाखले निघाले.

हयातीच्या दाखल्यासाठी तिसऱ्या वर्षीही खेटे घालणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका जेवणाचा डबा, जाडजूड कादंबरी आणि बसायला उशी घेऊन आल्या होत्या. दहा मिनिटांत त्यांच्या हातात कागद पडला.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झालं, बाई."

"असं कसं झालं? आता दिवसभर मी काय करू?"

तिसऱ्या आठवड्यात अधीक्षकांनी वजनदारांना बोलावून घेतले. "तुमची तब्येत बरी नाही असं ऐकतो. काम करताय म्हणे."

"कॉफी बंद आहे, साहेब."

"बंद तुमची आणि ताप आम्हाला! लोक विचारायला लागलेत, हे जागेवर सापडतात, मग बाकीचे कुठे असतात?"

सोबत लेखी मेमो होता : 'पूर्वपरवानगीशिवाय कँटीनमधून सतत गैरहजर.' खुलासा सात दिवसांत मागवला होता. वजनदारांनी खुलाशाऐवजी शस्त्रक्रियेच्या रजेचा अर्ज दिला.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पोट उरले केळ्याएवढे. महिनाभराने आहारतज्ज्ञ बाईंनी, स्वतःच्या भल्यामोठ्या कपातली कॉफी ढवळत, त्यांना नियम सांगितले.

"अर्धा कप. बिनसाखरेचा. दिवसातून दोनदाच. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं. आणि गटागटा नाही. एक घोट, मग पाच मिनिटं विश्रांती, मग दुसरा."

"अर्धा कप संपायला किती वेळ लागेल?"

"सव्वा तास. मधल्या वेळात पाणी, तेही घोट घोट, दिवसभर. लिहून देते, ऑफिसात दाखवा."

अधीक्षकांनी ती चिठ्ठी उभे राहून वाचली. "सव्वा तास! आम्ही धडधाकट माणसं, पण पाऊण तासापुढे कप ताणता येत नाही. आणि वर पाणी? मग तुम्ही कँटीनमधून उठणार कधी?"

"साडेपाचला."

मेमो मागे घेण्यात आला. महिन्याभरात वजनदारांना बढती मिळाली आणि चिठ्ठीच्या प्रती सर्व विभागांना मार्गदर्शनासाठी पाठवण्यात आल्या.

दोन महिन्यांच्या खंडानंतरचा पहिला घोट त्यांना कडू लागला. बावीस वर्षे आपण साखरच पीत होतो, हे त्यांना तेव्हा कळले. कॉफी त्यांना मुळीच आवडली नाही. पण आता ती औषध होती आणि नोकरीही. वजन अठ्ठ्याऐंशीवर आले. जिना ते दोन-दोन पायऱ्या गाळून चढू लागले. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. खाली टेबलावर फाइली पुन्हा छातीपर्यंत आल्या. एकदा न राहवून ते सही करायला उठले, तेव्हा अधीक्षकांनी दंड धरून त्यांना खाली बसवले. "घोट राहिलाय. जिवाशी खेळू नका."

लोक आता खवळतील, या विचाराने वजनदारांची झोप उडाली. आणि खरेच, एके सकाळी नागरिकांची तक्रार आली. त्यांनी ती उघडली.

'आम्हांला मध्यंतरी याच कार्यालयातून दहा-दहा मिनिटांत दाखले देण्यात आले. कुणाला भेटावे लागले नाही, कुणाच्या ओळखीची गरज पडली नाही, एकही खेप वाया गेली नाही. असे कागद खरे असतील यावर आमचा विश्वास बसत नाही. तरी त्यांची रीतसर, पुरेसा वेळ घेऊन फेरतपासणी व्हावी.'

खाली दोनशे सह्या होत्या. तपास अधिकारी म्हणून वजनदारांचीच नेमणूक झाली आहे. एकशे नव्याण्णव सह्या ओळखू आल्या, एक लागत नाही. वाचकहो, सवड काढून जरा कँटीनमध्ये येऊन बघता का? अक्षर तुमच्यासारखे वाटते.