सगळी भोकं बुजली!

शनिवारी सकाळी ऑरिन हॅल्व्हरसन आरशापुढे उभे राहिले, मफलर घट्ट गुंडाळला आणि आरशातल्या म्हाताऱ्याला ठणकावून म्हणाले, "आज मी जिंकणार! आज सगळ्यांची तोंडं बंद करणार!"

आरशातल्या म्हाताऱ्यानेही तेच ठणकावलं. तेव्हा ऑरिन जरा हळू आवाजात म्हणाले, "बहुधा."

ऑरिननी डुलुथ शहरातल्या एका वर्तमानपत्रात आयुष्यभर मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, याहून सुखाची नोकरी कुठली! घरी मात्र चुका काढायचं खातं मार्लिसकडे होतं. मार्लिस म्हणजे त्यांची बायको. "ऑरिन, तू चुकतोयस," हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणायची, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा तिच्यापुढे अबोल वाटायचं. ती गेली आणि सगळं घर एकदम ऑरिनशी सहमत झालं. खुर्ची सहमत, किटली सहमत, खिडकीसुद्धा सहमत!

त्यात गाव अमेरिकेतल्या मिनेसोटातलं. इथे कुणाच्या तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे चर्चमध्ये चप्पल फेकून मारण्यासारखं. तुम्ही शेजाऱ्याला सांगितलंत की यंदा तलाव तिरका गोठलाय, तरी तो टोपी सावरत म्हणेल, "हो का? असेल, असेल." आठवडाभर ऑरिनशी जो बोलायचा, तो सहमत व्हायचा आणि निघून जायचा. सहमत झालेल्या माणसाला थांबायचं कारणच काय?

साऱ्या गावात बिनदिक्कत 'नाही' म्हणायची एकच जागा होती. सार्वजनिक वाचनालयाचं तळघर, शनिवारी दुपारी. तिथे 'नीलध्रुव' या नऊ अंतराळपटांच्या मालिकेचे चाहते जमायचे. चाहते म्हणायचं एवढंच. त्या मालिकेला त्यांच्याइतक्या शिव्या जगात कुणी दिल्या नसतील!

शिव्या द्याव्यात अशीच ती मालिका होती. तिसऱ्या भागात राणी इल्मारा यानासकट सूर्यात पडून मरते. पाचव्या भागात ती स्वयंपाकघरात बसून सूप पिते! का, कसं, कुणी काही विचारत नाही. वैमानिकाचा तुटलेला हात पुढच्या भागात गुपचूप परत येतो. जो प्रवास आधी वर्षभराचा, तोच नंतर दोन जेवणांच्या मध्ये उरकतो. गोष्टीतल्या अशा एकेका भोकावर तळघरातली सभ्य माणसं टेबलं बडवून भांडायची.

मंडळाचा नियम होता. एखाद्या भोकाचा खुलासा प्रत्येकाला पटला आणि सगळ्यांचे हात वर गेले, की ते भोक बुजलं. त्याचा विषय परत काढायचा नाही. आजवर एकच भोक बुजलं होतं, आणि ते खलनायकाच्या मिशीचं होतं.

आज ऑरिन राणीचं सूप बुजवणार होते.

"बोला ऑरिन," लॉरेन पेल्टोनेन म्हणाल्या. लॉरेन दातांच्या दवाखान्यात पेशंटना आत पाठवायचं काम करून निवृत्त झालेल्या. अजूनही त्या 'बोला' म्हणाल्या की समोरचा तोंडाचा आ करायचा. "आज कुठली नवी थाप?"

ऑरिनना फार बरं वाटलं. त्यांनी घसा खाकरला.

"पहिल्या भागाची सुरुवात आठवा. बर्फाचा ग्रह, आणि त्यावर पडलेला तो जुना यंत्रमानव, टुक. जहाजावरचा आचारी. डोक्यात बर्फ शिरलेलं. तो म्हणतो, 'मला आठवतं ते असं.' मग गोष्ट सुरू होते. म्हणजे सगळी मालिका टुक सांगतोय. बाकी सगळे मेलेत, तो एकटा उरलाय. राणी सूर्यात पडली ती पडलीच. पण टुकला करमत नाही. म्हणून तो तिला गोष्टीत परत आणतो आणि सूप वाढतो."

ते थांबले. आता लॉरेन तुटून पडणार. मग ड्वेन सोब्चॅक टेबलावर मूठ आपटणार. हा ड्वेन नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा, आणि वादसुद्धा त्याच पद्धतीने घालायचा. ऑरिननी टेबलाची कड धरून ठेवली.

ड्वेननं नाक पुसलं.

"बिचारा टुक," तो म्हणाला.

"बरोबर आहे तुमचं," लॉरेन म्हणाल्या.

"काय?" ऑरिन दचकले. "नाही, पण तुमचा आक्षेप असेल ना?"

"काही नाही. पटलं."

सगळे हात वर गेले! ऑरिननी आपला हात मांडीखाली दाबून ठेवला होता, पण ड्वेननं प्रेमाने तोही ओढून वर केला.

"अरे थांबा!" ड्वेन ओरडला. "मग तुटलेल्या हाताचं काय? तेही टुकच विसरला!" हात वर! "आणि वर्षभराचा प्रवास?" "आचाऱ्याला काय कळतंय? तो जेवणांवर वेळ मोजणार!" हात वर! शाळेत कवायत चालावी तसे हात वर-खाली होऊ लागले. ऑरिन मध्येच म्हणत होते, "अहो, जरा दमानं, एखादं ठेवा पुढल्या शनिवारला!" पण लग्नातल्या लाडवांवर पोरं पडावीत तशी मंडळी भोकांवर पडली होती. कॉफी निवायच्या आत नऊच्या नऊ चित्रपट धडधाकट होऊन बसले.

मग सगळ्यांनी कॉफी संपवली.

"थंडी फार आहे," कुणीतरी म्हणालं.

"आहे खरी," सगळे म्हणाले.

"मागच्या वर्षीही होती."

"होती, होती."

ऑरिननी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. हे तर वरच्या मजल्यावरच्या, रस्त्यावरच्या, दुकानातल्या लोकांसारखंच बोलायला लागले! ड्वेननं गुडघ्यांवर थाप मारली आणि तो म्हणाला, "चला तर मग!" एरवी 'चला तर मग' म्हटल्यावर दारात, जिन्यात आणि गाडीपाशी मिळून तास जायचा. आज पाच मिनिटांत तळघर रिकामं. जाता जाता प्रत्येकाने ऑरिनचा हात हातात घेऊन दाबला. मयताला आल्यासारखा.

पुढच्या शनिवारी ऑरिन गेले, तर तळघरात युकुलेले या इवल्याशा गिटारीचा वर्ग चालू होता.

"तुमचं मंडळ संपलं ना?" वाचनालयातली केन्ड्रा गोड हसून म्हणाली. "ड्वेन सांगून गेले. तुम्ही सगळं सोडवून टाकलंत म्हणे! काय हुशार आहात हो!"

घरी येऊन ऑरिननी ड्वेनला फोन लावला. फोन करायचं त्यांच्या जिवावर यायचं, पण इलाज नव्हता.

"ड्वेन, मी चुकलो. माझा खुलासा साफ चुकीचा आहे."

"छे हो ऑरिन! किती हा विनय!"

"विनय नाही, खरंच चुकलो! त्यात ढीगभर दोष आहेत!"

"बघा, हेच! एवढं डोकं, पण गर्व म्हणून नाही. माझी बायको रडली हो टुकचं ऐकून."

ऑरिन जितके म्हणत 'मी चुकलो', तितका त्यांचा नम्रपणा गावात गाजू लागला. आपल्या शहाणपणाबद्दल 'छे, छे' म्हणायचं, ही या गावाची रीतच. खऱ्या कबुलीला कुणी कबुली मानायलाच तयार नाही! ऑरिननी आणखी दोघांना फोन केले. परिणाम एवढाच झाला, की मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. युकुलेलेवाल्यांकडून तासभर जागा मागून घेतली. केक आणला. केकवर साखरेचा टुक होता आणि त्याच्या डोक्यावर खोबऱ्याचं बर्फ.

"दोन शब्द बोला!" ड्वेन म्हणाला.

ऑरिन उभे राहिले. समोर सगळे चेहरे हसरे, प्रेमळ, संपूर्ण सहमत. हा तास संपला की ही माणसं कायमची जाणार.

"माझा खुलासा चुकीचा आहे," ते म्हणाले.

टाळ्या! "वा! काय साधेपणा!"

"नाही हो, ऐका तरी! टुक एकटा आहे ना? सगळे मेलेत ना? मग..." ऑरिननी केकवरच्या टुककडे पाहिलं, आणि त्यांना खरंच प्रश्न पडला. "मग तो सांगतोय कुणाला?"

टाळ्या थांबल्या.

"कुणाला म्हणजे? स्वतःला," ड्वेन म्हणाला.

"स्वतःला कुणी तब्बल नऊ भाग सांगतं का?"

"मी सांगते," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"पण 'ऐका' म्हणतो ना तो दर भागात!" ऑरिनचा आवाज चढला. "'ऐका, मग काय झालं!' ऐकणार कोण? बर्फ ऐकणार?"

"मूर्खपणा!" लॉरेन ताडकन उठल्या. खुर्ची मागे पडली. "ऑरिन, तुम्हाला गोष्टीतलं ओ की ठो कळत नाही! ऐकणारं कुणीतरी आहे तिथे! नीट बघितलंय का तुम्ही?"

"शंभरदा बघितलंय! कुणी नाही!"

"आहे!"

"नाही!"

"अहो, पण मग टुक एकटा कसला?" ड्वेननं मूठ आपटली. केकवरचा टुक आडवा झाला. "मग सुपाचं भोक परत उघडलं की!" बघता बघता सगळं तळघर बोंबलू लागलं. युकुलेलेवाले दारात वाद्यं छातीशी धरून उभे राहिले. ऑरिनना चौघांनी एकदम सांगितलं की ते चुकतायत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, अपमान झाला म्हणून.

"उद्या माझ्या घरी या," लॉरेन बोट रोखून म्हणाल्या. "दुपारी. पहिला भाग लावते आणि दाखवते तुम्हाला. शेवटी नाक घासत कबूल करायला लागेल!"

दुसऱ्या दिवशी ऑरिन इस्त्रीचा शर्ट घालून गेले. लॉरेननी कॉफी दिली, पडदे ओढले आणि चित्रपट सुरू केला. बर्फाचा ग्रह आला. टुक आला. लॉरेननी चित्र तिथेच थांबवलं आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"हे बघा. हे काय आहे?"

आयुष्यभर मुद्रितं तपासलेल्या डोळ्यांना ते तत्क्षणी दिसलं. टुकच्या शेजारी बर्फात पावलं उमटलेली होती. बारीक, पण स्वच्छ. कुणीतरी येऊन त्याच्याजवळ बसलं होतं. लॉरेनचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. वाद तिथेच संपला होता.

ऑरिननी चष्मा काढला, सावकाश पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"मला तर काहीच दिसत नाही," ते म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून लावा बघू."