हरिभाऊंनी न केलेली चोरी

सासऱ्यांना कॉम्प्युटरवर एखादा गेम लावून द्यावा, असं सदानंदनं ठरवलं तेव्हा त्यात कुणाचं वाईट व्हावं असा त्याचा हेतू मुळीच नव्हता. (आजवर त्याच्या हातून जे जे काही वाईट झालं होतं, त्यातल्या कशातच त्याचा हेतू नव्हता. ज्ञानदाही हे मान्य करायची. "अहो, तुमचा हेतू नसतो, त्याचीच तर मला भीती वाटते," असं ती म्हणायची.)

झालं होतं असं, की ज्ञानदाचे वडील हरिभाऊ गिरीजच्या आपल्या वाडीत ओल्या झावळीवरून घसरले आणि नडगीचं हाड मोडून बसले. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, "प्लास्टर निघेपर्यंत हा पाय जमिनीला टेकता कामा नये. हाड सरकलं तर सळई घालावी लागेल. मग वाडीत फिरणं सोडा, घरच्या ओट्यावर चढायलाही दोन माणसं लागतील."

हरिभाऊंना वाडीपासून लांब ठेवणं म्हणजे मांजराला दुधापासून लांब ठेवण्यापैकीच. गिरीजला राहिले असते तर एका पायावर उड्या मारत ते पानवेलीला पाणी द्यायला गेले असते. म्हणून सासूबाईंनी वाडी सांभाळायची आणि हरिभाऊंनी लेकीच्या माणिकपूरच्या फ्लॅटवर यायचं ठरलं. ज्ञानदा शाळेत शिकवायची, तिला रजा नव्हती. सदानंद वालीवच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क होता आणि नवी मशिनं बसवायची म्हणून कारखाना नेमका तेव्हाच बंद होता. हा योगायोग ज्ञानदाला शुभ वाटला नाही, पण तिचा इलाज नव्हता.

"बाबांना खुर्चीतून उठू द्यायचं नाही," चपला घालता घालता ती म्हणाली. "एवढं एकच काम. पाय वाकडा जोडला गेला तर आयुष्यभर मी तुम्हाला माफ करणार नाही."

ती गल्लीच्या टोकाला पोचली नसेल, तोच हरिभाऊ म्हणाले, "सदानंदराव, जरा कुबड्या द्या बघू."

"कशाला, बाबा?"

"काय नाय. जरा गिरीजला जाऊन येतो."

दुपारपर्यंत त्यांनी कितीदा कुबड्या मागितल्या याला सुमार नव्हता. सदानंदनं कुबड्या बाथरूममध्ये लपवल्या, तर ते भिंत धरून उठू लागले. पेपर दिला, तो वाचून झाला. टीव्ही लावला, तर त्यातली शेती बघून त्यांना आपली आठवली. शेवटी सदानंदचं लक्ष कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे गेलं. (तो त्यानं ऑफिसचं काम घरी करता यावं म्हणून घेतला होता. आजपर्यंत त्यावर पत्त्यांचेच डाव झाले होते.)

कोपऱ्यावर फेबियनचं सीडी भाड्यानं देण्याचं दुकान होतं. फेबियननं पहिल्या खेपेला मोटारींच्या शर्यतीचा गेम दिला. हरिभाऊंना माऊस पटकन जमला, गाडी छान निघाली. पण पहिल्याच वळणावर समोर भिंत आली आणि हरिभाऊंनी, जन्मभर भाजीचा टेम्पो चालवलेल्या माणसाला शोभेल असा, करकचून ब्रेक दाबला. स्टुलावर ठेवलेल्या प्लास्टरच्या पायानं. ती किंकाळी खाली वाण्यापर्यंत ऐकू गेली.

सदानंद धावतच दुकानात परत गेला.

"नवीन माणसाला शर्यत नाय द्यायची," फेबियन म्हणाला. (दिली त्यानंच होती.) "त्याला गोष्टीवाला गेम पायजे. त्यात पळायचं नाय, मारायचं नाय. माणसांशी बोलायचं, वस्तू उचलायच्या, कुठली कुठे लागते ते डोक्यानं शोधायचं. घाई नाय. माणूस दिवसचे दिवस बसून राहतो बघा."

'दिवसचे दिवस बसून राहतो' हे शब्द सदानंदच्या कानांत मधासारखे उतरले. फेबियननं तीन सीड्या मांडल्या. एकीत भुताचा बंगला होता. सासऱ्यांच्या पायाबरोबर हृदयाची जबाबदारीही घ्यायला सदानंद तयार नव्हता. दुसरीत अंतराळयान होतं. तिथे विहीर कुठाय म्हणून बाबा विचारणार, हे नक्की. तिसरीच्या कव्हरवर एक हवेली, पुढे गुलाबाची बाग आणि बागेत चहा पिणारी एक गोड म्हातारी होती.

"हा घरगुती दिसतोय," सदानंद म्हणाला.

कव्हरच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत सगळी गोष्ट लिहिली होती. ती त्यानं वाचली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सुरुवात तर फार झकास झाली. हिरो पाहुणा म्हणून हवेलीत येतो, म्हातारी त्याला बाग दाखवते. हरिभाऊंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सदानंद शेजारी बसून मराठीत सांगत होता. गुलाबांची आळी नीट केलेली नाहीत, हे हरिभाऊंनी म्हातारीला दोनदा बजावलं. मग म्हातारी वर झोपायला गेली.

"आता तो खण उघडा, बाबा. आत किल्ली आहे, ती घ्या."

"कोणाचा खण?"

"म्हातारीचा."

"आणि म्हातारी?"

"झोपलीय."

हरिभाऊंनी माऊसवरचा हात असा उचलला, जसा काही तो तापलेला तवाच होता. "बाई झोपलीय आणि मी तिचा खण उघडू? सदानंदराव, कुंपणापलीकडचा नारळ आमच्या वाडीत पडला तर आम्ही हाक मारून देतो. कसला खेळ आणलात? कुबड्या द्या."

ते खुर्चीचे हात धरून उठायला लागले. प्लास्टर अधांतरी हलू लागलं आणि सदानंदच्या तोंडून पहिली थाप निघाली.

"बाबा, ती जाताना म्हणाली ना, खणातली किल्ली घ्या, आपलंच घर समजा!"

"मग अगोदर का नाय सांगितलंत?" हरिभाऊ बसले. "पण तुम्ही काढा. बाईमाणसाच्या खणात माझा हात जायचा नाय."

सदानंदनं किल्ली काढली. एक थाप पचली की दुसरी मागोमाग येतेच. किल्ली कशाला, तर म्हातारीचे पुतणे टपून बसलेत. कशावर, तर तिच्या वाडीवर. मूलबाळ नाही, नवरा गेलेला. दागिने आणि चांदीची भांडी कुठेतरी सुरक्षित नेऊन ठेवा, असं तिनंच डोळ्यांत पाणी आणून सांगितलंय. हे ऐकून हरिभाऊंच्या कपाळाची शीर उडायला लागली. वाडी लाटणारे पुतणे म्हणजे त्यांचा जुना जिव्हाळ्याचा विषय. त्या संध्याकाळी त्यांनी पानवेलीचं नावही काढलं नाही. ज्ञानदा घरी आली तेव्हा बाबा शांत बसलेले बघून तिनं नवऱ्याकडे चक्क कौतुकानं पाहिलं. लग्नानंतर असं पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे सदानंदला ते ओळखायला जरा वेळ लागला.

पुढे काही दिवस हे सुरळीत चाललं. मग एका सकाळी हिरो अंधाऱ्या जिन्यात थांबला आणि स्वतःशीच बोलला. सदानंदनं ते दोनदा वाचलं. हिरो म्हणत होता, की या थेरडीच्या हारावर माझा वर्षभर डोळा आहे, आता फक्त तेवढाच उरला.

म्हणजे हिरोच चोर होता! आणि इतके दिवस जी चांदी उचलली ती...

"काय म्हणतो?" हरिभाऊंनी विचारलं.

"म्हणतो... आजीची फार काळजी वाटते."

"गुणी मुलगा."

आता सदानंद पेचात पडला. खरं सांगावं, तर सासरे त्याच क्षणी उठून गिरीजला निघणार आणि हाड सरकणार. लपवावं, तर गेम दिवसेंदिवस निर्लज्ज होत चाललेला. एके दिवशी हिरोनं राखणीच्या कुत्र्याला गुंगीचं बिस्कीट चारलं.

"बिस्कीट का घातलं?"

"उपाशी होतं, बाबा."

"मग ते आडवं का झालं?"

"पोट भरलं ना."

हरिभाऊंनी मान डोलावली, पण या खेपेला जरा उशिरा डोलावली. प्लास्टर निघायला अजून बरेच दिवस होते आणि गेम तर संपत आला होता.

अखेर हाराची पेटी समोर आली. सदानंद माऊसला हात लावणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात सांडोरचा सॅन्टन उभा होता. हरिभाऊंचा शाळेपासूनचा दोस्त, हातात केळ्यांची फणी. सदानंदला एवढंच आठवलं, की या माणसानं फोर्टातल्या एका कंपनीत जन्मभर इंग्रजी पत्रं टाइप केली होती.

"या अंकल! इथे बसा, इथे वारा येतो," असं म्हणत सदानंदनं त्याला कॉम्प्युटरकडे पाठ करून बसवलं आणि मॉनिटरचं बटण दाबलं.

"अहो, बंद का केलं?" हरिभाऊ ओरडले. "माझ्या म्हातारीची पेटी उघडायची बाकी हाय! सॅन्टन, इकडे ये. बघ, बिचारीची वाडी कशी वाचवतोय."

सॅन्टननं खुर्ची फिरवली. हरिभाऊंनी बटण दाबलं आणि मॉनिटर पुन्हा उजळला.

"मला काय दिसत नाय, हरी. चष्मा घरी राहिला."

सदानंदनं सुटकेचा निःश्वास सोडला, तो पुरता सुटायच्या आत हरिभाऊंनी आपला चष्मा काढून सॅन्टनच्या नाकावर ठेवला. "घाल. आणि सदानंदराव, आता काढा तो हार. पुतणे येतील."

सदानंदनं माऊस धरला. त्याला वाटलं, वीज जावी. रोज दुपारी जायची, आजच कशी जात नाही? त्यानं क्लिक केलं. हार आला, बिगुल वाजले आणि स्क्रीनभर सोनेरी अक्षरं उमटली. सॅन्टननं ती इंग्रजीत वाचली, मग जुन्या सवयीनं मराठीत सावकाश सांगितली.

"शाबास! तू या मुलखातला सगळ्यात हुशार चोर हायस. म्हातारीला पत्तासुद्धा लागला नाय."



"चोर?" हरिभाऊ म्हणाले.

"तसं लिवलंय."

"आणि पुतणे?"

"कोण पुतणे? इथे पुतणे-बितणे काय नाय."

हरिभाऊंनी जावयाकडे पाहिलं. जावई पंख्याकडे पाहत होता. या वेळी त्यांनी कुबड्या मागितल्या नाहीत. खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि ताडकन उठले. "मी चाललो घरी!" प्लास्टरचा पाय जमिनीच्या बोटभर वर डुलला आणि खाली यायला लागला.

सदानंदनं विचार केला नाही. (केला असता तर हमखास चूक झाली असती.) त्यानं फरशीवर लोटांगण घातलं आणि दोन्ही तळवे त्या पायाखाली सरकवले. पाय त्याच्या हातांवर येऊन टेकला. चांगलाच जड होता.

"बाबा! जमिनीला नको! वाटेल ते बोला, पण पाय खाली नको!" तो कळवळून ओरडला. तळहात चेपत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि या क्षणी त्याला खरोखर फक्त त्या हाडाचीच काळजी होती.

"हरी, अरे बघ," सॅन्टन हळहळला. "जावई पाया पडतोय तुझ्या. बरं दिसत नाय ते."

हरिभाऊ ओशाळले. जावयाचे पाय आपण धुवायचे, हे काय उलटंच! "उठा, सदानंदराव, उठा," म्हणत ते धपकन खुर्चीत बसले आणि पाय परत स्टुलावर गेला. मग त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"तो हार परत ठेवा."

"ठेवता येत नाही, बाबा. यात फक्त घेता येतं."

"असला कसला खेळ! मग पहिल्यापासून लावा. आता सॅन्टन सांगेल. तुम्ही माऊसला हात लावायचा नाय."

दुसऱ्या दिवसापासून सॅन्टन रोज यायला लागला. दोघा म्हाताऱ्यांनी कसलाही खण उघडला नाही की चमचा उचलला नाही. त्यामुळे गोष्ट बागेतून पुढे सरकेचना. म्हातारी तेच तेच वाक्य बोलायची, चहा घेणार का? सॅन्टन ते भाषांतर करून सांगायचा आणि हरिभाऊ म्हणायचे, "घेऊ की. सदानंदराव, दोन कप." म्हातारीचा आग्रह काही थांबत नव्हता. प्लास्टर निघेपर्यंत सदानंद गॅससमोरून हलला नाही. पण हरिभाऊ खुर्चीतून हलले नाहीत.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "वा! या वयात इतकं सरळ जोडलेलं हाड मी पाहिलं नाही. काय करत होतात इतके दिवस?"

"एका बाईकडे बसायला जात होतो," हरिभाऊ म्हणाले.

ज्ञानदाला ठसका लागला.

सदानंदला वाटलं होतं, की आता तरी कुणीतरी आपलं कौतुक करेल. सासऱ्यांना सोडायला तो गिरीजला गेला तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती. हरिभाऊ कुणाचा आधार न घेता पायऱ्या चढले, तेव्हा सासूबाईंनी डोळे पुसले आणि सदानंदलाही भरून आलं. शेजारच्या रिटाबाय किल्ल्यांचा जुडगा ओट्यावर ठेवून निवांत बसल्या होत्या. त्यांनी सदानंदला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हाच का रे हरी, तुझा तो जावई?" त्यांनी विचारलं आणि जुडगा हळूच उचलून मुठीत घेतला.

"राहू दे गं रिटा," हरिभाऊ मायेनं म्हणाले. "भला माणूस हाय. बाहेर कुठे हात लावत नाय, फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यातलं घेतो."

रिटाबायना ते पटलं. त्यांनी मान डोलावली, सदानंदकडे बघून गोड हसल्या आणि जुडगा दुसऱ्या, त्याच्यापासून लांबच्या, मुठीत घेतला.