तेरावा ऑक्टोपस

मारिन बंदरात एलादिओ पाझोसला कुणी सहज ‘काय चाललंय’ असं विचारलं, तरी तो आपल्या संगणकाचे गोडवे गायला लागायचा. मॉरिटानियाहून गोठलेले ऑक्टोपस मागवणाऱ्या कंपनीत तो कामाला होता, आणि कुठला माल कुठून आला याचा माग ठेवणं हे त्याचं काम. “कुठल्याही खोक्यावर बोट ठेवा,” तो म्हणायचा, “दहा मिनिटांत होडी, तांडेल आणि तारीख सांगतो. नाही सांगितली तर नाव बदलीन!”

जूनमध्ये सरकारी तपासनीस इरियाबाई आल्या, तेव्हा तर त्याची छाती दोन इंच फुगली. बंदरात बावीस टन माल अडकून पडला होता. बाईंची सही झाली की तो सुटणार होता. नाही झाली, तर ऑगस्टच्या ऑक्टोपस-जत्रेत लोकांना नुसते बटाटे खावे लागतील आणि तुला घरी बसावं लागेल, हे मालकाने सकाळीच स्वच्छ सांगितलं होतं. एलादिओ हसून म्हणाला होता की आधी पेनात शाई भरून ठेवा.

बाईंनी शीतगृहातल्या एका खोक्यावर बोट ठेवलं. नऊ मिनिटांत सगळी कुंडली हजर! एलादिओने घड्याळ बाईंच्या नाकासमोर धरलं. बाईंनी ते पाहिलंच नाही. त्या म्हणाल्या, आता खोकं उघडा.

कागदावर ऑक्टोपस बारा होते. खोक्यात निघाले तेरा.

एलादिओने पुन्हा मोजले. मग बाईंनी स्वतः हातमोजे घालून मोजले. तरी तेराच.

“एक कमी असता तर समजू शकले असते, कुणीतरी खाल्ला असेल,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण जास्त? आपल्या समुद्रात सध्या ऑक्टोपस धरायला बंदी आहे, पाझोस. मग हा आला कुठून?”

उणे अठरा अंशांत एलादिओला दरदरून घाम फुटला. मोजताना तिकडे मॉरिटानियातच चूक झाली असेल, असं त्याने सुचवून पाहिलं. संगणकाला विचारलं, तर असा ऑक्टोपस अस्तित्वातच नाही, असं उत्तर आलं. नोकरी गेलीच, असं त्याला वाटू लागलं.

तेवढ्यात त्याची आत्या देल्फिना जेवायला बोलवायला आली. कंपनीचं स्वयंपाकघर तीच सांभाळायची. तिने खोक्यात डोकावून पाहिलं.

“अगं बाई, हा इथे होय! हा पाद्रीबाबांचा.”

मग सगळं बाहेर आलं. गोठवल्याशिवाय शिजवलेला ऑक्टोपस म्हणजे नुसतं रबर, हे मारिनमध्ये शेंबडं पोरही जाणतं. पण घरच्या फ्रीजमध्ये जागा कुठे असते? म्हणून गेली अकरा वर्षं अर्ध्या वस्तीचे ऑक्टोपस आत्याच्या मेहेरबानीने कंपनीच्या शीतगृहात मागच्या फळीवर नांदत होते. फळी भरली, तेव्हा तिने पाद्रीबाबांचा या खोक्यात सरकवला. एलादिओला थंडी बाधायची. म्हणून तो शीतगृहात न जाता खुर्चीत बसूनच सगळ्यांचा माग काढायचा.

“बंदीतला आहे का?” बाईंनी विचारलं.

आत्याला राग आला. “बंदीतला मी आत येऊ देईन? पायाला दोरा बघा. हिरवा म्हणजे पाद्रीबाबा. दोन गाठी म्हणजे मोंचोची होडी. बंदी लागायच्या आधी, नऊ मेचा. पावती माझ्या बिस्किटांच्या डब्यात आहे.”

डबा आला, पावती निघाली. बाई मागच्या फळीपाशी गेल्या आणि एकेका ऑक्टोपसवर बोट ठेवत सुटल्या, आणि आत्या मालक सांगत सुटली. लाल दोरा औषधवाल्याचा, पिवळा शाळेतल्या बाईंचा. एकोणीस ऑक्टोपस, एकोणीस पावत्या, आणि एकूण वेळ सहा मिनिटं.

बाईंनी सही केली. खासगी ऑक्टोपस संध्याकाळपर्यंत बाहेर काढा, अशी अट घातली आणि शेरा लिहिला: ‘संगणक समाधानकारक. देल्फिना पाझोस उत्तम.’

त्या संध्याकाळी एलादिओ हातगाडी ओढत दारोदार ऑक्टोपस पोहोचवत होता, आणि आत्या दोरे बघून पत्ते सांगत होती. शेवटी निळ्या दोऱ्याचा एकच उरला.

“हा कुणाचा?” त्याने विचारलं.

“तुझाच की रे. चार वर्षं झाली. तुझ्या बायकोने ठेवलाय.”

तो घरी आला, ऑक्टोपस टेबलावर ठेवला आणि मला का सांगितलं नाहीस, असं बायकोला, उशियाला, विचारलं.

“सांगितलं असतं,” ती कांदा चिरत म्हणाली, “तर तू त्याचे कागद मागितले असतेस.”